अणुभट्टीतून निघालेल्या इंधनाचं न्यूट्रॉन-चित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुभट्टीतून बाहेर आलेली इंधनाची पिन एकदाच कापता येते. कुठे कापायची हे चुकलं, तर ज्या दोषासाठी कित्येक महिने वाट पाहिली तोच पात्याखाली भुगा होऊन जातो. म्हणून आधी आत बघायचं आणि मग कापायचं. आत बघायला न्यूट्रॉनइतकं चांगलं साधन दुसरं नाही. ते का, हे या पानावर प्रश्नोत्तरांतून मांडलं आहे. विज्ञानाचे विद्यार्थी, शिक्षक आणि अणुऊर्जेबद्दल शंका असलेले वाचक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

भट्टीत राहिलेल्या इंधनाच्या आत असं काय बदलतं, की ते बघावं लागतं?

जवळजवळ सगळंच बदलतं. नव्या पिनमध्ये युरेनियम ऑक्साइडच्या काळ्या, गुळगुळीत, चिनी मातीसारख्या कडक गोळ्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना पेलेट म्हणतात. त्यांच्याभोवती धातूची नळी असते, दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद असतात आणि पेलेट व नळी यांच्यात केसाएवढी फट असते.

भट्टी सुरू झाली की पेलेटच्या मध्यभागी तापमान हजार अंशांच्या वर जातं आणि काही मिलिमीटरवरच्या कडेला ते कितीतरी कमी असतं. एवढा फरक सहन न होऊन भट्टीची शक्ती पहिल्यांदा चढवतानाच पेलेटला तडे जातात. पुढे प्रत्येक विखंडनात एका अणूचे दोन होतात आणि दोघांना जागा लागते. त्यात झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू असतात, त्यांचे बुडबुडे साठतात. इंधन फुगतं, फट बुजते आणि पेलेट नळीला आतून दाबू लागते. द्रुत भट्टीतल्या, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या भट्टीतल्या, ऑक्साइड इंधनात तर सूक्ष्म छिद्रं उष्णतेच्या दिशेने सरकत मध्यभागी येतात आणि पेलेटच्या पोटात आरपार पोकळी तयार होते.

यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. पिन वरून स्वच्छ, सरळ आणि नव्यासारखीही असू शकते.

साधा एक्स-रे का काढत नाहीत?

दोन अडचणी आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत.

पहिली म्हणजे युरेनियम स्वतःच एक्स-रे अडवतं. एक्स-रे इलेक्ट्रॉनांशी झटापट करतात आणि युरेनियमच्या अणूत ९२ इलेक्ट्रॉन असतात. १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे एक्स-रे एक सेंटिमीटर जाडीच्या युरेनियम ऑक्साइडमधून व्यवहारात पार होतच नाहीत. त्याच जाडीच्या नैसर्गिक युरेनियमच्या पेलेटमधून औष्णिक, म्हणजे मंद केलेले, न्यूट्रॉन मात्र निम्म्याहून थोडे जास्त पार होतात. जास्त ऊर्जेचे एक्स-रे किंवा गॅमा वापरून पहिल्या अडचणीवर काही प्रमाणात मात करता येते. काही ठिकाणी ते करतातही.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. हे इंधन स्वतःच प्रचंड गॅमा किरण सोडत असतं. त्याच्यासमोर एक्स-रेची फिल्म धरली, तर बाहेरच्या यंत्रातला एक्स-रे पोहोचायच्या आधीच फिल्म सगळीकडून काळी पडते.

न्यूट्रॉनला काय दिसतं?

न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही. तो इलेक्ट्रॉनांना ओळख न देता थेट अणुकेंद्रकाशी भिडतो, आणि कोणतं केंद्रक त्याला किती अडवेल याचा अणुक्रमांकाशी सरळ संबंध नसतो. शिसं त्याच्या वाटेत फारसं येत नाही. हायड्रोजन, बोरॉन, कॅडमियम आणि गॅडोलिनियम जबरदस्त अडवतात. समस्थानिकांत, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंतही, फरक असतो: मंद न्यूट्रॉनसाठी युरेनियम-२३५ हे युरेनियम-२३८ च्या तुलनेत पन्नासपटीहून अधिक अपारदर्शक आहे. त्यामुळे एकाच पिनमधल्या कमी-अधिक समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ कमी-अधिक असलेल्या, पेलेट चित्रात वेगळ्या छटांनी ओळखू येतात. रासायनिकदृष्ट्या मात्र त्या अगदी सारख्याच असतात.

जेम्स चॅडविकने न्यूट्रॉनचा शोध १९३२ मध्ये लावला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये कालमान आणि कून यांनी न्यूट्रॉनने पहिली चित्रं घेतली. पण उपयोगी पडतील अशी चित्रं मिळायला अणुभट्टीचा भरघोस झोत लागला आणि त्यासाठी १९५० चं दशक उजाडावं लागलं.

पण गॅमा किरण तर तसेच राहिले. मग न्यूट्रॉनच्या चित्रातही फिल्म काळी पडत नाही का?

या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उत्तर असं, की इंधनासमोर फिल्म ठेवायचीच नाही. झोताच्या वाटेत आधी पिन आणि तिच्यामागे डिस्प्रोसियम या धातूचं पातळ फॉइल ठेवायचं. पिनमधून जिथे जास्त न्यूट्रॉन पार होतात, तिथे फॉइलमधला डिस्प्रोसियम-१६४ जास्त न्यूट्रॉन पकडतो आणि किरणोत्सारी डिस्प्रोसियम-१६५ बनतो. जिथे न्यूट्रॉन अडले, तिथे फॉइल जवळजवळ तसंच राहतं. गॅमा किरण या फॉइलवर कितीही आदळले तरी व्यवहारात त्यावर काहीच उमटत नाही. थोडक्यात, फॉइलमध्ये न्यूट्रॉनचंच चित्र साठतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण पक्कं असतं.

मग झोताची झडप बंद करतात आणि फॉइल झोतातून काढून डार्करूममध्ये नेतात. आता इंधन नाही, गॅमाही नाहीत. अंधारात फॉइल एक्स-रे फिल्मला चिकटवून कॅसेटमध्ये दाबून ठेवतात. हा दाब एकसारखा बसला पाहिजे. कुठे हवेची फट राहिली, तर तिथे चित्र धूसर येतं आणि पाहणाऱ्याला तो इंधनातलाच दोष वाटू शकतो. डिस्प्रोसियम-१६५ चं अर्धायुष्य सुमारे २ तास २० मिनिटं आहे. त्यातून निघणारे बीटा कण फिल्मवर चित्र उमटवतात. तीन अर्धायुष्यं, म्हणजे सात तास ठेवलं, की साठलेल्यापैकी ८७ टक्क्यांहून अधिक किरणोत्सार खर्ची पडलेला असतो. म्हणून संध्याकाळी कॅसेट बंद करून सकाळी फिल्म धुवायची, ही रीत सोयीची पडते. दुसऱ्या दिवशी फॉइलमध्ये आदल्या चित्राचा जेमतेम हजारावा हिस्सा उरलेला असतो, आणि तेच फॉइल पुन्हा वापरता येतं.

याला हस्तांतरण पद्धत म्हणतात. ती सावकाश चालते, पण तिच्या चित्रावर शंका घ्यायला जागा राहत नाही. कित्येक दशकं ती टिकली ती याच गुणावर.

इंडियमचं फॉइलही वापरतात असं वाचलं. ते कशाला?

जास्त समृद्ध किंवा प्लुटोनियमयुक्त इंधनासाठी. अशा इंधनात मंद न्यूट्रॉन इतके शोषले जातात, की चित्रात पेलेट म्हणजे नुसता एकसंध पांढरा चौकोन दिसतो. बाहेरची कड आणि पेलेटमधल्या फटी दिसतात, पोटातलं काही कळत नाही.

थोड्या जास्त ऊर्जेचे न्यूट्रॉन अशा इंधनातूनही पार होतात. ते टिपायला इंडियम चांगलं, कारण १.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला इंडियम-११५ न्यूट्रॉन अधाशासारखे पकडतं. युक्ती अशी: पुढे डिस्प्रोसियम, त्यामागे कॅडमियमचा पत्रा आणि त्याच्यामागे इंडियम. मंद न्यूट्रॉन डिस्प्रोसियममध्ये नोंदले जातात, उरलेसुरले कॅडमियम गिळतं आणि इंडियमपर्यंत वरच्या ऊर्जेचेच पोहोचतात. एकाच वेळी दोन चित्रं तयार होतात. किरणोत्सारी इंडियमचं अर्धायुष्य ५४ मिनिटं आहे, त्यामुळे ते डार्करूममध्ये आधी उरकावं लागतं.

हाती आलेली फिल्म वाचायची कशी?

आधी छटा लक्षात घ्यायच्या: जास्त न्यूट्रॉन पार झाले तिथे काळं, अडले तिथे पांढरं. म्हणून इंधन फिकट दिसतं आणि दोन पेलेटमधली फट गडद रेघेसारखी. नव्या पिनमध्ये या रेघा फूटपट्टीवरच्या खुणांसारख्या नियमित असतात. वापरलेल्या पिनमध्ये काही रेघा बुजलेल्या, काही रुंदावलेल्या, तर काही तिरक्या होतात.

अनुभवी माणूस फिल्म लाइटबॉक्सवर ठेवतो आणि खालच्या टोकापासून वर जातो. तळाचं प्लग, मग पहिली पेलेट. पेलेटच्या कोपऱ्याचा टवका उडाला असेल, तर तिथे गडद त्रिकोण दिसतो. मधोमध गडद पट्टा उभा जात असेल, तर ती मध्यवर्ती पोकळी. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, यावरून कोणत्या भागात तापमान सर्वांत जास्त होतं ते कळतं. मग वरचं टोक. शेवटची पेलेट कुठे संपते हे मोजायचं आणि बनवतानाच्या नोंदीशी ताडायचं. इंधनाचा स्तंभ किती वाढला, हा या परीक्षेतला सर्वांत महत्त्वाच्या आकड्यांपैकी एक. त्याच्या वर स्प्रिंग असते. ती वाकडी झाली आहे का, तेही दिसतं.

नळीच्या भिंतीत एखादा पांढरा डाग दिसला, की मात्र सगळे थांबतात. तो बहुधा हायड्रोजन असतो. त्याबद्दल पुढे आहेच.

चित्र किती बारीक येतं?

दोन गोष्टींवर अवलंबून. फॉइल आणि फिल्म मिळून साधारण मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून थोडं बारीक दाखवतात. दुसरी गोष्ट झोताची. झोताच्या उगमाचं छिद्र किती लहान आणि वस्तू त्यापासून किती लांब, या गुणोत्तरावर सावलीची धार ठरते. अंतर छिद्राच्या व्यासाच्या १५० पट असेल आणि पिनचा मध्य फॉइलपासून १५ मिलिमीटरवर असेल, तर धूसरपणा ०.१ मिलिमीटर येतो. किरणोत्सारी पिन सहसा आणखी एका बंद नळीत ठेवावी लागते, त्यामुळे ती फॉइलला अगदी चिकटवता येत नाही. तेवढा तोटा सोसावाच लागतो.

भारतात हे काम कुठे चालतं?

तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला, इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात. तिथे 'कामिनी' नावाची छोटी अणुभट्टी आहे. कल्पाक्कम मिनी यावरून हे नाव पडलं. २९ ऑक्टोबर १९९६ ला ती पहिल्यांदा क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. तिची शक्ती जेमतेम ३० किलोवॉट आहे. वीज बनवणं हे तिचं काम नाही. न्यूट्रॉनचा झोत देणं हे आहे.

तिची जागाच विचारपूर्वक निवडली आहे. किरणोत्सारी इंधन हाताळणाऱ्या हॉट सेलच्या खालीच ती बांधली. हॉट सेल म्हणजे जाड भिंतींची, शिशाच्या काचेची खिडकी असलेली बंद खोली. आतलं काम बाहेरून यांत्रिक हातांनी करायचं. वर पिनची तपासणी चालू असते, तीच पिन खाली झोतासमोर उतरवायची, चित्र घ्यायचं आणि परत वर ओढायची. किरणोत्सारी पिन इमारतीबाहेर काढून दुसरीकडे न्यायची तर जड पीप, परवानग्या, वाहतूक आणि कित्येक दिवस लागतात. भट्टीच खाली असली, की हा सगळा खटाटोप वाचतो. माझ्या मते कामिनीच्या रचनेतला सर्वांत मोठा शहाणपणा हाच आहे.

कामिनीचं इंधन वेगळं आहे म्हणतात. काय वेगळं?

ती युरेनियम-२३३ वर चालते. हा समस्थानिक निसर्गात मिळत नाही. थोरियमला न्यूट्रॉन देऊन तो बनवावा लागतो. ॲल्युमिनियमबरोबरच्या मिश्रधातूच्या पट्ट्यांच्या रूपात तो तिथे वापरला आहे. भोवती बेरिलियम ऑक्साइडचा परावर्तक आहे, तो निसटणारे न्यूट्रॉन परत आत वळवतो, त्यामुळे इतकं थोडं इंधनही पुरतं. साधं, क्षारमुक्त केलेलं पाणीच मंदक (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं), शीतक आणि कवच अशी तिन्ही कामं करतं. थोरियमचं चक्र हे भारताच्या अणुकार्यक्रमाचं जुनं स्वप्न आहे. त्या चक्रातून आलेल्या इंधनावर चालणारी भट्टी म्हणून कामिनीचं स्थान जगात आगळं आहे.

आणि तिचा प्रत्यक्ष उपयोग काय झाला?

शेजारी द्रुत प्रजनक चाचणी भट्टी आहे. प्रजनक म्हणजे चालता चालता नवं इंधनही तयार करणारी. ती १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिच्यासाठी प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या मिश्र कार्बाइडचं इंधन वापरायचं ठरलं, आणि पहिल्या गाभ्यात प्लुटोनियम कार्बाइडचं प्रमाण ७० टक्के होतं. असं इंधन भट्टीत चालवल्याचा अनुभव जगात कुणाकडेच नव्हता. त्यामुळे सुरुवातीला ते किती जाळायचं याची मर्यादा जपून ठेवली होती: टनाला २५ गिगावॉट-दिवस, म्हणजे एक टन इंधनातून एवढी उष्णता काढायची.

पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली. २५, ५०, १०० आणि १५५ गिगावॉट-दिवस अशा टप्प्यांवर इंधन बाहेर काढून हॉट सेलमध्ये तपासलं. पिन मोजल्या, वायू काढून मोजला, छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कामिनी आल्यावर न्यूट्रॉन-चित्रावरून इंधनस्तंभाची वाढ आणि पेलेटची अवस्था पाहिली, आणि कुठे छेद घ्यायचा ते ठरवणं सोपं झालं. अखेरीस हे इंधन १६५ गिगावॉट-दिवसांपर्यंत गेलं.

इथे एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. या पिनचा बाहेरचा व्यास ५.१ मिलिमीटर, पण प्लुटोनियम इतकं की मंद न्यूट्रॉन पेलेटमधून जवळजवळ पार होतच नाहीत. त्यामुळे मंद न्यूट्रॉनचं चित्र लांबी, फटी आणि कडा चोख दाखवतं, पण पेलेटच्या पोटातल्या तड्यांसाठी छेदच घ्यावा लागतो.

कामिनीवर इंधनाशिवाय इतर कामंही होतात. अवकाश कार्यक्रमासाठी लागणाऱ्या स्फोटक उपकरणांत स्फोटक नीट भरलं आहे का, हे न्यूट्रॉनने तपासतात. धातूच्या कवचाआडचं हायड्रोजनयुक्त स्फोटक एक्स-रेत पुसट दिसतं, न्यूट्रॉनमध्ये ठळक.

महाराष्ट्रात काही आहे का?

आहे, आणि सुरुवातच इथून झाली. मुंबईच्या ट्रॉम्बेला 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. न्यूट्रॉन-चित्रणाचे प्रयोग तिच्या झोतावर झाले. आज ट्रॉम्बेच्या १०० मेगावॉटच्या 'ध्रुव' भट्टीवर न्यूट्रॉन-चित्रणाची सोय आहे. तारापूरच्या भट्ट्या १९६९ पासून चालल्या. त्यांच्या आणि पुढच्या जड पाण्याच्या भट्ट्यांच्या इंधनाची तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हॉट सेलमध्ये होत आली आहे.

परदेशात सर्वांत नावाजलेली सोय कोणती?

अमेरिकेतल्या इडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेची. तिथल्या मोठ्या हॉट सेलच्या तळघरात ट्रायगा या प्रकारची २५० किलोवॉटची छोटी संशोधन भट्टी केवळ न्यूट्रॉन-चित्रणासाठी १९७७ पासून आहे. हॉट सेलच्या भिंती सव्वा मीटरच्या आसपास जाड असून आत आर्गॉन भरलेला असतो. पिन वरून खाली झोतात उतरवतात, अगदी कल्पाक्कमसारखीच मांडणी. तिथल्या ईबीआर-२ या द्रुत भट्टीचं इंधन धातूचं होतं, युरेनियम आणि झिर्कोनियमचं, आणि नळीत फट भरायला सोडियम. असं इंधन उंचीला किती वाढतं आणि सोडियमची पातळी कुठवर चढते, हे न्यूट्रॉन-चित्रांतून मोजत गेले.

स्वित्झर्लंडमधल्या विलिगेनच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये भट्टी नाही. तिथे प्रोटॉन शिशावर आदळवून न्यूट्रॉन मिळवतात. विजेच्या भट्ट्यांतून आलेल्या वापरलेल्या इंधनाच्या कांड्यांची चित्रं तिथे घेतली गेली आहेत. फिल्मऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येणारी इमेजिंग प्लेट हे त्यांचं माध्यम.

हायड्रोजनचा एवढा बाऊ कशासाठी?

बाऊ नाही, काळजी आहे आणि ती रास्त आहे. पाण्याने थंड होणाऱ्या भट्टीत इंधनाची नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते. गरम पाण्यात तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि मोकळ्या झालेल्या हायड्रोजनपैकी काही धातूत शिरतो. तो थंड जागा शोधत सरकतो, साठतो आणि ठिसूळ हायड्राइड बनवतो. ताणाखाली नळी तिथेच तडकू शकते. वापरलेलं इंधन पुढे पाण्यात, मग कोरड्या पिपात कित्येक दशकं ठेवायचं असतं. त्यामुळे हा प्रश्न भट्टी बंद केल्यावरही संपत नाही.

आता न्यूट्रॉनकडे या. मंद न्यूट्रॉनसाठी हायड्रोजनचा एक अणू झिर्कोनियमच्या एका अणूपेक्षा दहापटीहून जास्त अडथळा करतो. त्यामुळे वजनाने अगदी थोडा हायड्रोजन असला तरी त्याचा ठसा उमटतो. दोन पेलेट जिथे भेटतात तिथे नळी जराशी थंड असते, आणि नेमकं तिथेच हायड्रोजन जास्त साठलेला दिसतो. पिन फुटून आत पाणी शिरलं असेल, तर तेही लपत नाही. एक्स-रेने हे काम होणं अशक्य.

नळीत इंधन असताना मोजमाप कठीण जातं, कारण इंधनाची छाया नळीच्या छायेवर पडते. अचूक आकडा हवा असेल, तर रिकाम्या नळीचा तुकडा घेऊन मोजणं बरं.

आजकाल सगळं डिजिटल झालं. इथे अजून फिल्म का?

कारण डिजिटल कॅमेऱ्यालाही गॅमा किरण दिसतात. न्यूट्रॉन पडल्यावर चमकणारा पडदा आणि त्यासमोर कॅमेरा, ही रचना साध्या वस्तूंसाठी उत्तम चालते. इंधनासमोर ठेवली, की गॅमामुळे पडदा चमकतो, चित्रावर ठिपक्यांचा पाऊस पडतो आणि इलेक्ट्रॉनिक भाग हळूहळू निकामी होतात. आरशाने प्रकाश वळवून कॅमेरा शिशाआड ठेवणं, ठिपके संगणकाने गाळणं, गॅमाला कमी दाद देणारे संवेदक वापरणं असे मार्ग आहेत आणि त्यांत चांगली प्रगती होत आहे.

डिजिटल हवं ते मुख्यतः त्रिमितीसाठी. सीटी स्कॅनसारखी पिन फिरवत अनेक बाजूंनी चित्रं घ्यायची आणि आडवे छेद संगणकात रचायचे. किती चित्रं लागतील? पिन ६ मिलिमीटरची आणि चित्रबिंदू ०.१ मिलिमीटरचा धरला, तर रुंदीत ६० बिंदू येतात; त्याच्या साधारण दीडपट, म्हणजे शंभराच्या घरात चित्रं हवीत. डिस्प्रोसियमचं एक फॉइल दिवसातून एकदाच वापरता येतं. दहा फॉइल असतील तर एका पिनला दहा दिवस लागतील. कॅमेऱ्याने हेच काम तासांत होऊ शकतं. तरीही माझं मत असं, की कॅमेरा आला म्हणून हस्तांतरण पद्धत मोडीत काढू नये. कॅमेऱ्याने दाखवलेला तडा खरा की गॅमाचा खेळ, हे पडताळायला तीच उपयोगी पडते.

चित्रावरून कोणता समस्थानिक कुठे आहे हेही कळतं का?

कळू शकतं, आणि हे क्षेत्र फार झपाट्याने पुढे जात आहे. प्रत्येक समस्थानिक ठरावीक ऊर्जेच्या न्यूट्रॉनना विशेष जोराने अडवतो. युरेनियम-२३८ चा असा एक टप्पा ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे, प्लुटोनियम-२४० चा १.०६ च्या आसपास. न्यूट्रॉन स्पंदनांत सोडले, तर वेगवान आधी पोहोचतात आणि मंद नंतर. दहा मीटरच्या वाटेवर ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सुमारे ०.२८ मिलिसेकंदांत येतो, तर औष्णिक न्यूट्रॉनला साडेचार मिलिसेकंद लागतात. प्रत्येक चित्रबिंदूपाशी पोहोचण्याची वेळ नोंदवली, की कोणत्या ऊर्जेचे किती अडले ते कळतं आणि समस्थानिकांचा नकाशा काढता येतो.

अमेरिकेत लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या त्वरकावर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, युरेनियम ऑक्साइडच्या पेलेटमध्ये मुद्दाम टंगस्टनचे कण घालून हे करून पाहिलं आहे, आणि ते कण चित्रात वेगळे ओळखू आले.

भट्टी चालू असताना, घटना घडत असतानाच इंधन बघता येतं का?

इडाहोतल्या ट्रीट भट्टीत येतं. ती १९५९ मध्ये सुरू झाली, १९९४ मध्ये थांबवली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये पुन्हा चालू केली. तिच्यात चाचणीच्या पिनला क्षणभर प्रचंड शक्ती देऊन अपघातासारखी स्थिती मुद्दाम निर्माण करतात. होडोस्कोप नावाचं यंत्र भट्टीतल्या अरुंद खाचेतून त्या पिनकडे रोखलेलं असतं आणि पिनमधल्या विखंडनातून निघणारे वेगवान न्यूट्रॉन शेकडो वाहिन्यांनी टिपतं. इंधन वितळून कुठे सरकलं, ते सरकत असतानाच कळतं. इथे बाहेरचा झोत नाही. पिन स्वतःच स्वतःचं चित्र देते.

न्यूट्रॉन मारल्यावर इंधनात साखळी प्रक्रिया सुरू होणार नाही?

नाही. एकट्या पिनमध्ये त्यासाठी लागणारं वस्तुमान आणि रचना नसते. थोडी विखंडनं होतात. झोत बंद केला की तीही थांबतात. भट्टीत महिनोन् महिने जे सोसलं, त्यापुढे या झोताचा परिणाम नगण्य आहे.

काम करणाऱ्यांना धोका?

इंधनाजवळ माणूस जातच नाही. भिंत, शिशाची काच आणि यांत्रिक हात मध्ये असतात. झोताच्या खोलीत झोत चालू असताना कुणी शिरू नये यासाठी दार आणि झडप एकमेकांना जोडलेली असतात. जपून हाताळायचं ते फॉइल. ताजं फॉइल बीटा कण सोडतं, म्हणून ते चिमट्याने धरतात, मोजतात आणि मगच डार्करूममध्ये नेतात.

न्यूट्रॉन-चित्रणाने काय कळत नाही?

पेलेटमधल्या कणांची सूक्ष्म रचना, वायूच्या बुडबुड्यांचा आकार, नळीच्या आतल्या पृष्ठावरची रासायनिक झीज. त्यासाठी छेद आणि सूक्ष्मदर्शकच हवा. किती इंधन जळलं हे पिनच्या लांबीभर गॅमा मोजून जास्त सहज कळतं. आत किती वायू सुटला, हे नळीला भोक पाडून मोजतात. म्हणून क्रम असा: आधी डोळ्यांनी आणि व्यास मोजून पाहणी, मग गॅमा मापन आणि न्यूट्रॉन-चित्र, आणि भोक पाडणं व कापणं सर्वांत शेवटी.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

भौतिकशास्त्र, धातुशास्त्र, यांत्रिकी किंवा रसायन अभियांत्रिकी, कोणतीही वाट चालते. पदवीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची प्रवेश प्रक्रिया दरवर्षी होते. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत पीएचडीही करता येते. डिप्लोमा आणि बीएस्सी झालेल्यांसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून वेगळी भरती असते, आणि हॉट सेलमधलं प्रत्यक्ष हाताचं कसब पुष्कळदा याच मंडळींकडे असतं. संगणकावर चित्रं सुधारण्याची आवड असेल, तर त्रिमिती चित्रणात काम करणाऱ्यांची आज खरोखर गरज आहे. कॉलेजात असताना एक गोष्ट नक्की करावी: घातीय क्षीणन (जाडी वाढेल तसा झोत ठरावीक प्रमाणात घटत जाणं) आणि अर्धायुष्य यांची गणितं हाताने सोडवून पाहावीत. या पानावरचे बरेचसे आकडे त्या दोनच सूत्रांतून काढता येतात.